बंबाशेजारच्या नळ्या

नाशिकरोड,
फेब्रुवारी २००६

प्रिय मनाली, जयभीम.

अक्षराला नावं ठेवू नकोस, प्रौढ वर्गात शिकले तेवढंच. तुझ्या आईचे गुडघे बरे आहेत, तोंड त्याहून बरं आहे. तुझ्या बापाने कॉलनीभर पेढे वाटले. पोरीने विंचूरच्या द्राक्षांवरून लय चिवट यीस्ट शोधलं, महिनाअखेरीला पुण्याच्या सभेत सांगणार, असं ज्याला-त्याला. शेजारच्या कमळाबाईने विचारलं, यीस्ट म्हणजे काय रे बुद्धभूषण? तर म्हणतो, ते मोठं शास्त्र आहे, मावशी. त्याला स्वतःला कुठं ठाऊक!

मला ठाऊक आहे. जानेवारीत विंचूरहून येऊन मुक्काम केलास, तेव्हा मेथी निवडता निवडता तूच समजावलंस. पावात घालतात तेच हे. एकदम चटका दिला तर त्याच्या पेशी मरतात. आतली प्रोटीनं वाकडीतिकडी होऊन एकमेकांना चिकटतात. पण आधी थोडी ऊब दाखवली, तर पेशी सावध होतात, राखणदार प्रोटीनं बनवतात, आणि मोठा ताप आला की ते राखणदार बाकीच्यांना सांभाळून धरतात. मी विचारलं, डाळीत असतं तेच का प्रोटीन? हसून हसून मेथी सांडलीस. आता फोनवर सांगितलंस, की विंचूरचं यीस्ट ऊब न दाखवताच चटका सोसून जगलं. तुझे लॅबमधले साहेबसुद्धा चकित झाले म्हणे.

ऊब मी दाखवली, मनाली. विंचूरहून आणलेल्या यीस्टच्या नळ्या फ्रीजमध्ये ठेवून, त्यांना हात लावू नको, असं बजावलं होतंस. पहाटे बंब पेटवला. थंडीने इडलीचं पीठ फुगलं नव्हतं, ते बंबाशेजारी ठेवलं. मनात आलं, पावाचं यीस्टही गारठून मरेल, पोरीची मेहनत वाया जाईल. म्हणून नळ्या फडक्यात गुंडाळून तिथंच ठेवल्या आणि तू उठायच्या आत परत फ्रीजमध्ये. ओरडशील म्हणून बोलले नाही. पेढे आले तेव्हा सगळं लक्षात आलं, तरी बुद्धभूषणचा फुललेला चेहरा बघून गप बसले. पेढाही खाल्ला. परवा फोनवर सांगणार होते, तर तू सभेसाठी घेतलेल्या साडीचं सांगत बसलीस आणि माझी जीभ उचलेना. माझी! म्हणून हे पत्र. सभेत उभी राहायच्या आधी विंचूरला जा, नवं यीस्ट आण, पुन्हा करून बघ. आणि येताना घरी मुक्काम करू नकोस.

तुझीच,
आजी