काकांनी कॉम्प्युटरची पिल्लं काढली

आगाशी, मंगळवार, ११ नोव्हेंबर २०२५

ती. प्रेमलता आत्यास कृतिकाचा नमस्कार. रागात असले तरी वाकूनच केला आहे. गुडघा आता जिना चढू देतो का?

आधी दुरुस्ती. गेल्या पत्रात तेजसने माझा कॉम्प्युटर बिघडवला असं लिहिलं होतं. ते चूक होतं. तेजस त्या शनिवारी नालासोपाऱ्याला मित्राकडे होता. (मी माफी मागितली, त्याने अजून दिलेली नाही.) हे काम नरहरीकाकांचं, म्हणजे तुझ्या सख्ख्या भावाचं. परवा त्यांनीच मोठ्या कौतुकाने विचारलं, "हलका झाला ना आता?"

मी जेवायला उठले होते. काकांनी पडद्यावर खाली ओळीने लावलेली माझी चित्रं पाहिली आणि त्यांना दाटी वाटली. पासवर्ड स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर होता (अडीअडचणीला असावा म्हणून मीच लिहिलेला). प्रोग्राम काढायचा कसा, हेही दिवाळीत मीच शिकवलं. काकांनी नऊ काढले.

त्यात कोड लिहायचा काळ्या पडद्याचा एडिटर होता, ज्याचे रंग मी दोन वर्षं जुळवत आले. फाइलीत काल आणि आज काय बदललं ते शेजारी शेजारी दाखवणारा होता; त्याच्याशिवाय मी कुणाला काही पाठवतच नाही. कॉपी केलेली प्रत्येक ओळ जपणारा होता, त्याच्याबरोबर सहाशे ओळी गेल्या. दर वीस मिनिटांनी डोळ्यांना विश्रांती दे म्हणणारासुद्धा काढला. तो काय खात होता?

मी विचारलं तेव्हा काका शांतपणे म्हणाले, "बाय, एका केळीच्या बुंध्याशी एवढी पिल्लं फुटू दिलीस तर केळ्यांचा लोंगर काय भरणार?" एक जोमदार पिल्लू ठेवायचं असतं, म्हणून एक ठेवलंय. कुठलं? पत्त्यांचा डाव. दुपारी ते स्वतः खेळतात तो.

सोमवारचं काम बुधवारी गेलं. आमच्या सालोमी मॅडमनी लेखी कारण मागितलं. मला खोटं लिहिता येत नाही, त्यामुळे मी केळीसकट सगळं लिहिलं. पुन्हा असं झालं तर घरून काम करायची परवानगी रद्द, असं उत्तर आलं. आई म्हणते काकांचा हात गुणाचा आहे, तू मनावर घेऊ नकोस. ज्यांनी वाडीत बसवून मला पाढे शिकवले त्यांच्यावर ओरडता येत नाही, म्हणून परवापासून मी भांडी आपटते आहे.

तुझी
कृतिका

ता. क. वसईची तुझी मागची खोली मला कामाला हवी आहे. आतून कडी लागते ना? सगळे प्रोग्राम तिथेच पुन्हा बसवीन.

ता. क. २. लपवणं बरं नाही: कॉम्प्युटर आता खरंच लवकर सुरू होतो. हे काकांना कळता कामा नये.

ता. क. ३. कॉम्प्युटर जड आहे. उचलायला काकाच येणार आहेत, नको म्हटलं तरी. त्यांना चहा दे, पण खोलीत एकटं सोडू नकोस. तू नाही म्हणालीस तरी मी येणार, रविवारी, १६ नोव्हेंबरला, सकाळी सव्वानऊच्या बसने.