पाठभर, पहिल्याच खेपेला

३ मे, शनिवार. कुचिंग.
निर्णय झाला. गोंदवून घेणार. दोन्ही खांदे, दंड, आणि मागे कमरेपर्यंत पाठ. क्षेत्रफळ अंदाजे २१०० चौरस सेंटिमीटर. हातानेच, जुन्या पद्धतीने, काठीवर काठी आपटून. मशीन नाही.
पहिलं गोंदण लहान असावं, असं सगळे म्हणतात. का, ते कुणी सांगत नाही. मी सात वर्षं जमिनी मोजते. आधी अंगण मोजलं म्हणून पुढे डोंगर मोजता आला, असं माझ्या बाबतीत झालेलं नाही.
निर्णय भावनेच्या भरात घेतलेला नाही. नाडी ७२.

सायं. ६.१०. नाडी १०४. कॉफी.

४ मे.
घरच्या ग्रुपवर कळवलं. आमचं लाँगहाऊस सव्वीस दारांचं: एक छप्पर, एक ओसरी, दारामागे एकेक कुटुंब. ग्रुपवर माणसं एक्याण्णव. एक जूनला गावाई, सुगीचा सण. त्या दिवशी सगळे घरी असतात. ‘ओसरीवर दाखवीन’ असंही लिहिलं. ते लिहायची गरज नव्हती. पण तारीख दिल्याशिवाय कुठलंच काम हलत नाही.
तांबोंग मावशीचा आवाजी निरोप आला, तीन मिनिटं चाळीस सेकंदांचा. सारांश: “लेंता, बाळ, तू गेलीस कुठं? माणूस घर सोडून निघालं की खांद्यांवर वांग्याची फुलं येतात. मग जिथं जिथं जाऊन येईल तिथलं एकेक गोंदण. तू कुचिंगला गेलीस आणि दर शुक्रवारी परत येतेस, कपडे धुवायला. ओसरीवर कुणीही बोट ठेवतं आणि विचारतं, हे कुठलं? तेव्हा सांगता आलं पाहिजे. नुसतीच पाठ काळी करून आलीस तर मी तुला ओळख देणार नाही.”
उरलेल्या दोन मिनिटांत कोंबड्या.

६ मे.
मावशीचा आक्षेप तर्काला धरून आहे. म्हणून माझ्या आजवरच्या प्रवासांचा तक्ता केला. मोजणीचे त्रेचाळीस मुक्काम, प्रत्येकाचे अक्षांश-रेखांश, पायी अंतर, पाऊस. जळवा मोजलेल्या नव्हत्या, तो रकाना काढून टाकला. पीडीएफ पाठवली.
उत्तर आलं: “चष्मा सापडत नाहीये.”
हरकत नाही. यंदा ओसरीवर सांगायला माझ्याकडे काहीतरी असेल. दर वर्षी पुरुष सांगतात, म्हाताऱ्या सांगतात, आणि मी ताटं उचलते.

१० मे.
जेलियनदादाकडे गेले. तो घरीच गोंदतो, जमिनीवर चटई टाकून. मी माझ्या गोंदणाचे चौदा नकाशे नेले होते, खऱ्या मापाचे. डाव्या-उजव्या बाजूंत फरक एक मिलिमीटरच्या आत.
त्याने सगळे पाहिले. मग विचारलं, “तू श्वास घेणार आहेस ना?”
म्हटलं, अर्थात.
“मग एक मिलिमीटर कसं जमायचं?”
हा मुद्दा राहिला होता. नोंद केली.
तो म्हणाला, आधी दोन फुलं करू, कसं वाटतं बघू. मी त्याला स्पष्ट सांगितलं की मी ‘कसं वाटतं बघायला’ आलेली नाही. त्याने बायकोकडे पाहिलं. सावाईवहिनी हसली आणि लगेच पोट धरून बसली, तिला आठवा महिना आहे. अडचण तीच आहे. या कामाला दोन माणसं लागतात: एक काठी आपटतो, दुसरा कातडी ताणून धरतो. ताणायचं काम वहिनीचं. आता तिला वाकता येत नाही. माझ्यासाठी शेजारची बाई बोलावतील.
२४, २५ आणि २६ मे, तीन दिवस माझ्या नावावर. परत येताना पायऱ्या दोन-दोन उतरले. घाई होती.

१३ मे.
वेदनेची चाचणी. साधन: आलपीन. ठिकाण: डावा दंड. निकाल: दहापैकी दोन.
ऑफिसातल्या हुई मिनने विचारलं, का रडतेस. तिला दाखवलं की एसीचा झोत थेट माझ्या टेबलावर येतो. ती म्हणाली, एसी कालपासून बंद आहे. ती तपशिलात फार अडकते.

१७ मे.
शेजारची बाई आली नाही. दादाकडे एक मास्तर गोंदवायला येणार होते, पोटरीवर. मी म्हटलं, कातडी मी धरते. हेतू: माहिती गोळा करणे.
चार तास धरली. ताण चारी बाजूंनी सारखा. दादा म्हणाला, “हे हात काय पाणसळ लावून बसवलेत?” वहिनी आतून म्हणाली, इतकी वर्षं मी धरते, मला कधी असं म्हणाला नाहीस. दादा गोंदायची काजळी ढवळायला लागला. मास्तर सगळा वेळ त्यांच्या कुत्र्याबद्दल बोलत होते.
दुखतं का, विचारलं. म्हणाले, “कुत्र्याला?”
माहिती अपुरी. मी स्वतः सुईकडे पाहिलं नाही. सुईकडे पाहणं माझ्या कामात येत नव्हतं.

२१ मे.
ग्रुपवर मामाने लिहिलंय, लेंतासाठी कोंबडा बाजूला काढून ठेवलाय, कुणी हात लावायचा नाही. फोटोही टाकलाय. कोंबडा चांगला आहे. सगळ्यांना उत्सुकता आहे, असं दिसतं. आतापर्यंत साठ जणांनी कोंबड्याला हृदय दिलंय.
काही तांत्रिक शंका. (अ) या महिन्यात हवेत आर्द्रता जास्त. (आ) काजळीच्या कणांचा आकार कुणी मोजलेला नाही. (इ) २४ तारखेला शनिवार आहे. (इ) ही शंका का आहे ते नंतर लिहीन.
मलमाच्या चार ट्यूब आणि पारदर्शक फिल्मचा एक मोठा रोल आणला. माघार घ्यायची असती तर मोठा रोल आणला नसता.

२३ मे.
आई आली, गावाईच्या बाजाराला. गोंदणाबद्दल काही विचारलं नाही. ती विचारत नाही. माझा फ्रीज बघितला आणि तो साफ करायला घेतला. उद्या बरोबर येते म्हणाली. कशाला, म्हटलं. म्हणाली, बसून राहीन.

२४ मे.
९.००. नाडी ११८. उत्साह.
९.३५. चटईवर उताणी. सुरुवात पुढून, डाव्या खांद्याच्या फुलापासून. शेजारची बाई आज आली आहे. तिचा ताण एका बाजूला जास्त आहे. सांगितलं. ती म्हणाली, तू पडून राहा.
९.४०. दादाने कॉलरबोनच्या खाली काजळीने फुलाचा मध्य पक्का केला. गार लागलं. मग ‘टक’ असा आवाज आला. सहन झाला.
१०.०५. आडवी होतेच. त्यामुळे ‘चक्कर येऊन पडली’ हे वहिनीचं वर्णन बरोबर नाही.

दुपारी.
पहिला बिंदू पडला. व्यास दोन मिलिमीटर. मोजणीत मूळ बिंदू हेच खरं काम. तो एकदा पक्का झाला की बाकीचं सगळं त्याच्यापासून नुसतं मोजत जायचं असतं. म्हणजे कठीण भाग संपला. उरलेलं पुढे ढकललं आहे. कारण: आर्द्रता, ९१ टक्के.
वहिनी म्हणते, दादाने सुई लावलीच नव्हती, तो काठी वाटीच्या कडेवर झटकत होता. वहिनीला आठवा महिना आहे. तिचं लक्ष होतं असं धरता येत नाही.

नंतर जे झालं ते क्रमाने लिहिते.
चटई घातलेली. काजळी कालवलेली. आई भिंतीला टेकून चवळीच्या शेंगा मोडत होती. दादा म्हणाला, असू दे, होतं असं, पुढच्या वर्षी बघू. आईने शेंगांची टोपली बाजूला सारली. “माणसाने तीन दिवस मोकळे ठेवलेत,” म्हणाली, आणि ब्लाउज काढून चटईवर आली.
मी म्हटलं, आई.
ती म्हणाली, “धर.”
शेजारची बाई जेवायला गेली होती. मी धरली.
दादाने माझे नकाशे पुढे केले. आईने वरचे दोन पाहिले. “एवढी गर्दी नको. फुलांपासून घे. एकोणिसाव्या वर्षी निघाले तेव्हा फुलं करायला गावात कुणी उरलं नव्हतं. मग मी तशीच गेले.”

२५ मे.
आज पाठ. आईची पाठ मी एवढ्या जवळून कधी पाहिली नव्हती. दादा विचारतो, पुढे कुठं? ती सांगते, आणि तो तिथलं काढतो. जोहोर, पाच वर्षं, कारखान्यात भिंगाखाली तारा जोडणं. मग मी झाले. मग ब्रुनेई, चार वर्षं, दुसऱ्यांची घरं, दुसऱ्यांची पोरं. मग लाकूडतोड्यांच्या तळावर स्वयंपाक, दीडशे माणसांचा.
ब्रुनेईला ती फिरायला गेली होती, असं मला वाटायचं. तेव्हा मला तांबोंग मावशी सांभाळायची. आईने येताना चॉकलेटचा डबा आणला होता. मी बरेच दिवस तिच्याशी बोलले नव्हते. डबा मात्र संपवला.
विचारलं, दुखतं का.
“दुखतं ना,” ती म्हणाली. “मग?”
ताण शेवटपर्यंत सारखा ठेवला. डोळ्यांतून पाणी आलं. काजळीचे कण.

२६ मे.
पूर्ण. आई: १६४० चौरस सेंटिमीटर, वय ५४, पहिलंच गोंदण. मी: ०.०३.
वहिनी बाळंत होऊन उठेपर्यंत कातडी धरायला येशील का, असं दादाने विचारलं. म्हणजे या क्षेत्रात माझं नाव झालं.
आईने शेंगांची टोपली उचलली आणि बाजार राहिला म्हणाली.

२८ मे.
आईची पाठ सुजली आहे. मलमाच्या तीन ट्यूब संपल्या.
माझा बिंदू: सूज नाही, लाली नाही, खपली नाही. माझ्या त्वचेचा प्रतिसाद असाधारण दिसतो. मलम थेट लावत नाही, कडा जराशा पसरल्यासारख्या वाटल्या. वरून फिल्म. आंघोळ त्या भागाला वळसा घालून.

३० मे.
ग्रुपवर विचारतात, किती झालं. मी लिहिलं, ‘सुरुवात झाली आहे.’ खोटं काहीच नाही. मामाने कोंबड्याचा नवा फोटो टाकला. जाड झालाय.
ओसरीवर काय सांगायचं ते लिहून काढलं. दोन पानं. आरशासमोर सात मिनिटं वीस सेकंद. हात कुठे ठेवायचे ते ठरलं नाही.

१ जून. गावाई. लाँगहाऊस.
सकाळपासून तुआक, तांदळाची दारू. बांबूत शिजवलेला कोंबडा. तोच असावा.
आई पातळ सारोंग गुंडाळून ओसरीवर बसली होती, उघड्या पाठीने. पुरुषांच्या रांगेत, मधोमध. तिला तिथे कुणी बसवलं नव्हतं. लोक येत होते, बोट ठेवत होते, हे कुठलं? ती सांगत होती. जोहोरच्या गोष्टीला माणसं हसली. ब्रुनेईच्या गोष्टीला तांबोंग मावशी उठून आत गेली आणि बऱ्याच वेळाने आली. नाक लाल. मिरची, म्हणाली.
दादाची काठी कशी चालते ते कुणीतरी विचारलं. आई म्हणाली, काठी त्याची, पण धरलं हिने, तीन दिवस, हलली नाही. लोकांनी माझ्याकडे पाहिलं. म्हाताऱ्या उंगगांग आजोबांनी सरकून जागा दिली. मी बसले. ताटं दुसऱ्याच कुणीतरी उचलली.
तेवढ्यावर थांबायला हवं होतं, हे आता लिहिताना दिसतं.
मी म्हटलं, माझंही सुरू झालंय.
मावशी म्हणाली, बघू.
कॉलर खाली घेतली. फिल्म काढली. सगळे वाकले. मागचे विचारत होते, कुठंय, कुठंय. मी मूळ बिंदूचं महत्त्व सांगायला लागले. पहिल्या पानाच्या शेवटापर्यंत पोचले. मावशीने मधे तोंड घातलं नाही, हे तिच्या बाजूने नोंदवते. मग तिने अंगठा जिभेला लावला आणि लहानपणी माझ्या गालावरची शितं पुसायची तसा एकदाच फिरवला.
अंगठा उजेडाकडे धरून पाहिला. मग आईकडे वळली.
“अगं, हिचा निघतो.”
सव्वीसही दारांत ऐकू गेलं.