पाकीट फोड आणि लिही

ता. २

चि. धाकटीस, अ. उ. आशीर्वाद.

पोचलो. नऊ तास गाडीत बसून कमरेचा भुगा झाला. इथे फोनला रेंज नाही, म्हणून कागद काळे करते. लॉजवर रोज दुपारी टपाल येतं.

झाडं मोठी आहेत. आणखी काय लिहू? वर बघून मान अवघडते आणि शेंडा काही दिसत नाही. गाईड सांगतो, हे दीड हजार वर्षांचं, ते दोन हजारांचं. पुढे काय म्हणावं, तर पुढेही झाडच. तुझ्या भावोजींची मात्र तहानभूक हरपली आहे. चाळीस वर्षं सुतारकाम केलं, पण बघितल्या त्या फळ्याच. आता प्रत्येक खोडाला हात लावून उभे राहतात, मग हळूच मला सांगतात की यातून किती दारं निघतील. सांगून झालं की स्वतःच ओशाळतात. बाकीची मंडळी पुढे जातात आणि मी यांना ओढत मागे.

माझं लक्ष कुठे आहे ते तुला माहीत आहे. छातीतल्या गाठीचा तुकडा काढून आज बारा दिवस झाले. रिपोर्ट मुद्दाम आपल्या लाँड्रीच्या पत्त्यावर मागवलाय, यांच्या हाती पडू नये म्हणून. यांना काही सांगितलेलं नाही. ही झाडं बघायची म्हणून किती वर्षं घोकत होते, बघू देत सुखाने. तर पाकीट आलं की फोड आणि जसंच्या तसं लिही. रडारड नको. अक्षर सुटं काढ, मला जुळवून वाचावं लागतं.

लाँड्रीत आलेल्या हॉटेलच्या चादरींना कडक इस्त्री कर. लोभ आहेच, तो वाढवत बसू नकोस, पत्र लिही.

तुझी
ताई

ता. ४

ती. ताईस सा. न. वि. वि.

आधी वचन दे की ओरडणार नाहीस. पाकीट काल आलं. मी तीनदा हातात घेतलं आणि तीनदा खाली ठेवलं. मग वाटलं, फाडलं आणि वाईट निघालं तर परत बंद कसं करणार? म्हणून वाफेच्या इस्त्रीवर धरलं, डिंक सुटला की हळूच बघावं, पुन्हा चिकटवावं. डिंक सुटला गं, पण आतला कागद भिजून शाई पसरली. घाबरून वाळवायला वरून इस्त्री फिरवली, तर कागद पाकिटालाच चिकटला. तुझं नाव तेवढं वाचता येतं.

डॉक्टर सोमवारी बसतात. मी स्वतः जाऊन विचारते. चादरी वेळेवर गेल्या. माझ्यावरची माया कमी करू नकोस.

तुझी
धाकटी

ता. ५

चि. धाकटीस, आशीर्वाद. देणार नव्हते, पण देते.

वीस वर्षं कपड्यांना वाफ देतेस आणि कागदाचं काय होतं ते कळलं नाही तुला? डोकं आहे का हँगर? सोमवारपर्यंत मी इथे काय करू, मुळ्या मोजू? चार घास खाल्ले की उठते, चार पावलं चालले की घड्याळ बघते. लॉजच्या मॅनेजरनेही आज विचारलं की टपालात कोणाची वाट बघताय.

आता दुसरं ऐक. सकाळी रानात वनखात्याचा एक माणूस झाडाला पोकळ गिरमिट लावून बसला होता. फिरवून फिरवून आतून लाकडाची पेन्सिलीएवढी कांडी काढली. त्यावरच्या रेघांवरून वय कळतं म्हणे, आतून किडलंय का तेही कळतं. मला वाटलं, हे आता त्याचं गिरमिट मागून घेणार. तर कुठलं काय. त्याला एवढंच विचारलं की झाडाला त्रास होतो का. तो म्हणाला की भोक बुजतं हळूहळू.

मग यांनी मला बाकावर बसवलं आणि विचारलं की तुझा तुकडा काढला तेव्हा दुखलं का.

म्हणाले, घरी दहा दिवस तू डाव्या हाताने इस्त्री उचलत होतीस, मी आंधळा आहे का? कचऱ्यात दवाखान्याची पट्टी त्यांनी पाहिली होती. सहल खरं तर पुढच्या वर्षी ठरली होती, ती त्यांनीच अलीकडे आणली. म्हणे, घरात तू एका जागी बसत नाहीस, इथे कधीतरी बसशील आणि सांगशील. मी त्यांच्यासाठी झाडं बघत होते आणि ते माझ्यासाठी. घे आता.

मी रागावले. ते म्हणाले, रागाव. मग तिथेच बसून सगळं सांगितलं.

सोमवारी सकाळी पहिला नंबर लाव. ओरडून झालं, राग धरू नकोस.

ताई

ता. ८

ती. ताईस सा. न. वि. वि.

जसंच्या तसं लिहिते. गाठ चांगली नाही. कॅन्सर आहे. डॉक्टर म्हणाले की लवकर सापडलाय, पसरलेला दिसत नाही, काढून टाकू. पुढच्या सोमवारी, पंधरा तारखेला ऑपरेशन. आदल्या दिवशी दाखल व्हायचं. नंतर औषधं लागतील, ते नंतर ठरेल. मी दोनदा विचारलं, बरी होईल ना. म्हणाले, आशा चांगली आहे. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा नर्सने मला बाहेर बसवलं.

रडले नाही. तिथे नाही. लवकर या.

धाकटी

ता. १०

चि. धाकटीस, पोटभर आशीर्वाद.

पत्र मिळालं. दोनदा वाचलं आणि यांच्या हातात दिलं. वाचून उठले ते बॅगच भरायला लागले, माझे ओले मोजेसुद्धा कोंबले. म्हणे, सकाळच्या गाडीने निघू. मी सगळं परत बाहेर काढलं. आज बुधवार, ऑपरेशन सोमवारी. मधले दिवस घरी बसून काय भिंती चाटायच्या? सगळ्यात जुनं झाड उद्या दाखवणार आहेत, दोन तासांची चढण आहे. मी बघणार. हे म्हणाले की तुला कुठे झाडांची आवड. मी म्हटलं, नाहीच, पण इतक्या लांब येऊन थोरल्याला न भेटता जायचं का? मॅनेजरसमोर भांडलो. मी जिंकले.

शनिवारी संध्याकाळी पोचतो. रविवारी दाखल होईन. तू डॉक्टरांना तीनदा विचारलंस, हे तुझ्या हातून पहिलं शहाणपणाचं काम झालं.

यांना सांगितलंय की मला काही वाटत नाही. तुला खरं सांगते, फार भीती वाटते. सोमवारी लवकर ये. माझा हात धरायला लागेल, हे तर आत्ताच पुन्हा बॅग भरायला बसलेत.

तुझीच
ताई