कांजिण्यांतल्या चार हिट

३ जाने., शनि.
कॉलेजचं पत्र. माजी खेळाडूंचा सत्कार, त्यात मी. बेसबॉल. वीस वर्षांनी आठवण झाली म्हणायची! ‘अंतिम सामन्यात एकट्याच्या चार हिट, विक्रम अजून अबाधित.’ शिवलीलेनं लगेच माहेरी फोन लावला. लग्नाला पंधरा वर्षं झाली, बेसबॉल म्हणजे काय हे बायकोनं आज विचारलं.

तीन वर्षं खेळलो, पुष्कळ हिट मारल्या. चांगला मारायचो, उगीच कशाला लाजू. पण नेमक्या या चार माझ्या नाहीत. त्या दिवशी मी भवानी पेठेत, घरी, कडुलिंबाच्या पाल्यावर पडलेलो. कांजिण्या. माझा शर्ट घालून, माझ्या नावावर बिरू खेळला, आमच्या संघातला जुना गडी. नापास होऊन कॉलेज सोडलं होतं त्यानं, मंगळवेढ्याकडं घरची मेंढरं राखत होता. आमच्या खेळाच्या सरांनीच बोलावून आणला. हेल्मेट खाली ओढ, तोंड उघडू नको, एवढंच सांगितलेलं.

६ जाने.
सरांकडं. पंचाहत्तरीच्या पुढं गेलेत. विचारलं, आता सांगून टाकू का खरं?
“मी गेल्यावर सांग.”
मग कप माझ्याकडं सरकवत: “आयुष्यात एकदाच ढाल आणली रे मी कॉलेजला.”
चहा पिऊन आलो.

९ जाने.
कॉलेजचा शिपाई आमच्या कापडदुकानात. सत्काराच्या शाली आमच्याकडूनच. मीच निवडल्या, मीच घड्या घातल्या. त्यातलीच एक माझ्या खांद्यावर येणार. काय बोलायचं!

११ जाने., रवि.
त्या चार हिटवर भाषण हवंय म्हणे. मला काय ठाऊक त्या कशा बसल्या? बिरूला फोन. ज्वारीत उभा होता, पाखरं हाकत.
“आत्ता इचारतुयस व्हय!”
मग थांबेचना. चेंडू टाकणारा पिचर डावखुरा. पहिली दोघांच्या मधनं. दुसरी पिचरच्या पायातनं. तिसरी कुणाला दिसलीच न्हाय. “चौथी कुंपणाला लागली. आवाज अजून कानात हाय बघ.” तासभर बोलला. शेवटी म्हणाला, “कुणाला बोललो न्हाय कदी. बायकोला बी न्हाय.”
सगळं लिहून घेतलं. फार वाईट वाटलं. शालींच्या घड्या घालताना नव्हतं वाटलं.

१४ जाने.
बिरूला म्हटलं, स्टेजवर सगळं खरं सांगतो.
“आन् सर? लाजंनं मरतंय की म्हातारं. घे तू शाल, गप.”
फोन ठेवता ठेवता: “मी येऊ का पन? बगायला.”
लेकीला पण आणतोय.

१८ जाने., रवि.
निमंत्रणपत्रिकेच्या पाठीवर लिहितोय, स्टेजवर बसून. पाहुणा उशिरा आला, आता बोलतोय, थांबत नाही. शेजारी सर, डोळे मिटून. माझा हात धरून ठेवलाय त्यांनी. भाषणं दोन लिहून आणलीत. एकात मी आहे, एकात बिरू. शिवलीलेला दोन्ही दाखवली, तर म्हणाली, “तुमचं तुम्ही बघा.”

बिरू तिसऱ्या रांगेत. नवा पांढरा शर्ट, घडीच्या रेषा तशाच. पाहुणा बसला. आता निवेदक माझी माहिती वाचतोय. अंतिम सामना, चार हिट. बिरू मांडीवर एकेक बोट मिटतोय. लेकीनं त्याला काहीतरी विचारलं, माझ्याकडं बोट दाखवून. बिरूनं मान हलवली. व्हय.

नाव पुकारलं. सरांनी हात सोडला. दोन्ही कागद खिशात आहेत.