बाजार उठायच्या वेळी

केनवड,
मार्च १९४४

प्रिय युसूफभाई,

तुझं पत्र पोचलं. तुम्ही दोघी बायका खाता काय, भागवता कसं, असं तू विचारलंस. तेवढंच आधी सांगते.

पोटाला कमी पडत नाही. फौजेत जाताना दिलावर शिवणाची मशीन घरी ठेवून गेले होते. तिच्यावर मी चोळ्या, झबली शिवते. पेन्शनीचं अजून काही ठरलं नाही. लढाईपायी मीठमिरचीसुद्धा महागली आहे, पण बाजार कसा करावा हे आता आम्हाला येतं. पोटभर भाकर खाऊन निघायचं, उपाशी माणसाला सगळंच हवंसं वाटतं. काय आणायचं ते घरीच बोलून ठरवायचं, आणि जे बोललो नाही त्याच्याकडे बघायचं नाही. रेवड्या-फुटाण्यांच्या ओळीतून जायचंच नाही, मागच्या नाल्याकडून शिरायचं. आणि सकाळी कधीच नाही. परतीच्या गाड्या जुंपायला लागल्या की जायचं.

त्या वेळी हिरीबाई माळीण उरलेली वांगी ढिगानं देते. पहिल्यांदा मला वाटलं, माझ्याकडे बघून कीव करते आहे. मी पिशवी मागे घेतली. तर ती चिडलीच. म्हणाली, "उपकार नाही करून राह्यली मी. घरी नेले त सडतात. घ्यायचे त घे, नाही त सरक, मले गाठोडं बांधू दे." मग मी घेतली. जवरीलाल शेठच्या दुकानात तुरीच्या डाळीची चुरी आणि पोत्याच्या तळचा गुळाचा भुगा निम्म्या भावात मिळतो. पावसात काळी पडलेली ज्वारी मिळते. भाकर दिसायला वाईट होते, पण लागते तशीच. निदान मला तरी फरक कळत नाही. हल्ली मला कशातलाच फारसा कळत नाही, भाई.

हे सगळं मी अम्मांना शिकवलं. तू त्यांना दिलावरची आई म्हणतोस, मी अम्मा म्हणते. तुला ठाऊक आहे, गुडघ्यांमुळे त्या उंबऱ्याबाहेर पडत नसत, बाजार मीच करायची. पण दिलावर लढाईत पडल्याचा सरकारी कागद आला आणि मी विधवा म्हणून चार महिने दहा दिवस इद्दतीत घरात बसले, तेव्हा पिशवी त्यांनीच उचलली. कागद वाचून दाखवला त्या दिवशी त्या रडल्या नाहीत. मीही नाही. शेजारच्या बाया आमच्याकडे बघत बसल्या आणि उठून गेल्या.

पहिल्या बाजाराला अम्मा गेल्या त्या भर दुपारी परतल्या. पिशवीत डाळ नव्हती, तेल नव्हतं. सीताफळं होती, खजूर होता, पुडाभर शेव होती. ज्यानं जो भाव सांगितला तो देऊन आल्या होत्या. मी बघतच राहिले. त्या म्हणाल्या, "काहून पाह्यतं अशी? त्याले सीताफळं आवडतात ना." ती फळं आम्ही खाल्ली नाहीत, दिलीही नाहीत कुणाला. कोपऱ्यात काळी पडली, तेव्हा मी टाकून दिली.

पुढच्या खेपेला त्या निघाल्या तेव्हा मी त्यांच्यापुढे भाकर ठेवली आणि समोर बसून खायला लावली. काय आणायचं ते त्यांच्याकडून म्हणवून घेतलं. "मीठ. चुरी. मिरच्या." पोरीसारख्या म्हणत होत्या. कोणत्या वाटेनं जायचं, कधी जायचं, सगळं सांगितलं. त्या दिवशी दिवेलागणीच्या सुमाराला आल्या आणि पिशवी माझ्यापुढे उपडी केली. कोण काय बोललं, कुणी भाव उतरवला, कुणी नाही, सारं सांगत बसल्या. त्यानंतर दर बाजाराला तेच. आमच्या घरात दिलावरचं नाव निघत नाही. वांग्यांचं बोलणं निघतं. तेवढं बोलणं झालं की दोघींना झोप लागते.

इद्दत संपल्यापासून आम्ही जोडीनं जातो. त्या माझा खांदा धरून चालतात.

तुझं पत्र मी त्यांना सगळं वाचून दाखवलं. निजामुद्दीनची बायको वारली, त्याचं मंगरूळला चांगलं दुकान आहे, त्याच्याशी माझा निकाह लावायचा, रबी निघाली की तू गाडी घेऊन मला न्यायला येतोस, हे सारं. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "जाय मा पोरी. तुयं काय वय झालं? मी घेईन करून माह्यं." मग डाळ निवडायला लागल्या.

काल बाजार होता. परतताना अम्मा मध्येच थांबल्या, कासाराच्या दुकानापुढे. मी म्हटलं, हे बोललो नव्हतो. त्यांनी ऐकलं नाही. माझा हात धरून त्याच्यापुढे केला आणि हिरव्या बांगड्या भरायला लावल्या. भाव केला नाही. कासार सुटे परत देत होता, त्यांनी तिकडे बघितलंही नाही, ते मला घ्यावे लागले. तिथंच उभ्या उभ्या म्हणाल्या, "मोकळ्या हातानं नको जाऊ माह्या घरून." कागद आल्यापासून मी त्यांना रडताना पहिल्यांदा पाहिलं. चालती माणसं थांबून बघायला लागली. मी त्यांना खाली बसवलं आणि शेजारी बसले. मला रडू आलं नाही. पण उठावंसंही वाटलं नाही.

म्हणून हे लिहिते, भाई. गाडी आणू नकोस. निजामुद्दीनला सांग, माणूस वाईट म्हणून नाही. त्याच्या घरी जाऊन मी काय करणार? तिथं हसावं लागेल, रुसावं लागेल, आणि ते माझ्यात सध्या नाही. इथं कुणी ते मागत नाही. उद्या काय वाटेल ठाऊक नाही. आज मला अम्मांना सोडून जायचं नाही, एवढं पक्कं आहे. त्यांना मी अजून सांगितलेलं नाही. हे पत्र टपालात टाकून येते आणि मग सांगते.

तुझीच,
मेहरू