फाउलवरच्या टाळ्या

ती. दादास, अल ऐनहून संपदाचा नमस्कार.

"घरात ओरडू नकोस, तुझा आवाज मैदानाचा आहे," असं तू मी सॉफ्टबॉल खेळायचे तेव्हा म्हणायचास. गेल्या हिवाळ्यात दुबईच्या व्यावसायिक बेसबॉल लीगमध्ये मी हिंदीतून समालोचन केलं. बेसबॉलमध्ये मागे गेलेला फटका धरत नाहीत, पण चेंडू बॅटरच्या मागे उडाला की आपले लोक चौकार समजून नाचायचे. मग मी माइकवर म्हणायचे, "भाईसाब, बैठ जाइए, ये फाउल है!" सगळं स्टेडियम हसायचं.

सीझन महिन्याभरात संपला, आणि मला न्यायला येणारी लीगची गाडीही बंद झाली. आता घरीच असते. घर छान आहे, एसी गार आहे. आमची गाडी सुजीत ऑफिसला नेतो, आणि इथे गाडीशिवाय कुठे जाता येत नाही. मी लायसन्सचा विषय काढला की म्हणतो, "खलास झालं ना ते बेसबॉल? आता कुठे जायचंय?" शुभ्रा हेडफोन न काढताच "लेटर, ममा" म्हणते. पण काळजी करू नकोस.

आईचे गुडघे कसे आहेत?

वहिनी म्हणाली, तुझ्या शाळेत मुलींच्या सॉफ्टबॉल संघाला प्रशिक्षक हवी आहे. "संसार टाकून येतेस?" असं तू विचारशील आणि नाहीच म्हणशील, ठाऊक आहे. तरी दादा, ती जागा मला दे.

तुझी,
संपदा