आई आकडे वाचते

३ जुलै, गुरुवार
सूचीकारांच्या ऑनलाइन गटावर परदेशातल्या मार्टिनची जाहिरात. इतिहासाची पुस्तकं, प्रत्येकाच्या शेवटी पानांच्या आकड्यांसह येते ती शब्दसूची करून द्यायची, वर्षभराचं काम. खाली एक ओळ : भारतातून अर्ज नकोत. कारण दिलं नाही. कुणी विचारलंही नाही.
गटात मला सहा वर्षं झाली. तमिळ नावं कोणत्या अक्षराखाली लावायची, हे मार्टिनला गेल्याच महिन्यात समजावलं होतं. आभार मानले होते त्याने.

४ जुलै
कॅनडाच्या हेलनचा खासगी निरोप. "तुझ्याबद्दल नाहीये ते. मी बोलते त्याच्याशी." बोलली. नमुन्याला एक प्रकरण आलं.
यंदा कॉलेजात शिकवायला तास मिळाले नाहीत, म्हणून घेतलं. नाहीतर घेतलं नसतं, असं लिहिणार होते. घेतलं असतं.

६ जुलै, रविवार
प्रकरण पूर्ण. पुढचंही केलं, न मागता. एक मागितलं की दोन वाढायची घरची सवय.
आई नेहमीसारखी कॉटवर बसून पानांचे आकडे वाचत गेली, मी पडताळत गेले. शाळेतल्या हजेरीचा सूर अजून गेलेला नाही.
"दोनशे चौदा?"
"आहे."
"हजर म्हण."

८ जुलै
मार्टिन : काम उत्तम. पण दोन दिवसांत दोन प्रकरणं एकट्या माणसाकडून होत नाहीत. तुझ्या हाताखाली किती जण?
खरं ते लिहिलं. कुणी नाही. आई आकडे वाचते. निवृत्त शिक्षिका, वय चौऱ्याहत्तर.

९ जुलै
उत्तर एका ओळीचं. 'म्हणजे टीम आहे.'
हेलन म्हणते, आईचं कशाला लिहिलंस?

१३ जुलै, रविवार
दादा आला होता. सिन्नरच्या कारखान्यात माणसं घ्यायचं काम त्याच्याकडे. त्याला सगळं सांगितलं. चिडला. "माणूस बघत नाहीत, देश बघतात साले."
तेवढ्यात त्याचा फोन वाजला. "पेठ तालुक्यातले कामगार नको रे. आवणी लागली की पळतात भात लावायला. दुसरे बघ."
आई माझ्याकडे बघत होती. मी चहा ओतला.
जाताना म्हणाला, "आमच्या ऑफिसात एक जागा आहे गं. द्वारका चौकात कंपनीची बस मिळते. किती दिवस त्या गोऱ्यांची वाट बघशील?"

१५ जुलै
हेलनच्या शब्दाखातर मार्टिन आणखी एक संधी देतो आहे. दोन तास कॅमेऱ्यासमोर काम करायचं. खोलीत दुसरं कुणी नको.
बाकीच्या उमेदवारांनाही ही अट आहे का, हेलनला विचारलं. तिने निरोप वाचलाय. उत्तर नाही.

१६ जुलै, बुधवार
चार वाजता सुरू. आई आपणहून उठली. जिन्यात खुर्ची टाकली.
"आकडे कोण वाचणार?" तिने विचारलं.
"मीच."
दोन आकडे चुकले. मागे जाऊन दुरुस्त केले. तो बघत होता.
शेवटी म्हणाला, कॅमेरा फिरव. फिरवला. भिंत, कॉट, दार. दार नीट लागलं नव्हतं. फटीत आईच्या साडीचा काठ, एक पाऊल. मी हात थांबवला नाही, पण घाईही केली नाही. घाई दिसली असती.
शुक्रवारपर्यंत कळवतो म्हणाला.
आई आत आली. "दिसले का गं मी?"
"नाही."
"मग बरं."